जत्रेतली चुकामूक आणि हरवलेले कण

गोष्ट २००० सालच्या फेब्रुवारीतली आहे. २८ तारखेला आमच्या महाविद्यालयात नेहमीप्रमाणे विज्ञान दिन साजरा व्हायचा होता आणि भाषणाची पाळी माझ्यावर आली होती. विषय शोधत मला फार हिंडावे लागले नाही. १० फेब्रुवारीला जिनिव्हाजवळच्या सर्न या युरोपीय प्रयोगशाळेने जाहीर केले होते की, तिथल्या सात प्रयोगांची साक्ष एकत्र पाहिली तर द्रव्याची एक नवी अवस्था निर्माण झाल्याचे दिसते. विश्वाच्या जन्मानंतर पहिल्या काही मायक्रोसेकंदांत जे द्रव्य होते, त्याचाच हा चिमुकला नमुना! इतकी ताजी बातमी हाताशी असताना आणखी काय हवे? मी रात्री जागून प्रोजेक्टरसाठी पारदर्शिका तयार केल्या आणि शेवटच्या पारदर्शिकेवर लाल शाईने ठळक वाक्य लिहिले, ‘कण घटले, म्हणजे नवे द्रव्य झाले.’

भाषण चांगले झाले. टाळ्याही पडल्या. मग मागच्या बाकावरून एक मुलगी उठली आणि म्हणाली, ‘‘सर, घरातून चोरी झाली असं म्हणायचं, तर आधी घरात किती होतं ते माहीत पाहिजे ना? आणि जे गेलं ते चोरानेच नेलं, वाटेत कुठे सांडलं नाही, हे कसं ठरवलं?’’

मला बसायची घाई झाली होती. ‘‘अगं, एवढ्या मोठ्या प्रयोगशाळेतली माणसं विचार करूनच बोलत असतील. बस खाली,’’ मी म्हणालो. सभागृहात हशा पिकला. ती मुकाट्याने खाली बसली.

आता मी निवृत्त आहे. त्या दिवशीच्या टाळ्या विसरलो, पण तो हशा मात्र विसरलेलो नाही. कारण पुढच्या काळात या विषयातले वाचन जसजसे वाढत गेले, तसतसे माझ्या लक्षात आले की, त्या मुलीने विचारलेले दोन प्रश्न हाच या संशोधनाचा कणा होता. शिवाय एक तिसरा प्रश्नही होता, जो तेव्हा ना तिला सुचला, ना मला. या तीन प्रश्नांची ही हकिगत.

जोडनावाचा कण

आपण शाळेत शिकतो की, अणूच्या मध्यभागी अणुकेंद्र असते आणि त्यात प्रोटॉन व न्यूट्रॉन असतात. हे प्रोटॉन-न्यूट्रॉनही अखंड नाहीत. प्रत्येकात तीन क्वार्क असतात आणि त्यांना ग्लुऑन नावाचे कण एकत्र बांधून ठेवतात. हे बांधणे विलक्षण आहे. दोन क्वार्क दूर ओढावेत तर त्यांच्यातली ओढ कमी होत नाही. फारच ताणले तर मध्ये नवी जोडी जन्माला येते आणि दोन्ही क्वार्कांना नवा सोबती मिळतो. त्यामुळे एकटा मोकळा क्वार्क आजवर कोणालाही सापडलेला नाही.

क्वार्कांचे सहा प्रकार आहेत. आपले शरीर, घर, पृथ्वी ही सगळी त्यांतल्या दोन हलक्या प्रकारांची बनलेली. बाकीचे भारी. त्यांतला ‘चार्म’ नावाचा क्वार्क नोव्हेंबर १९७४ मध्ये उजेडात आला. अमेरिकेत ब्रुकहेवन येथे सॅम्युएल टिंग यांच्या गटाला आणि स्टॅनफर्ड येथे बर्टन रिक्टर यांच्या गटाला एकाच सुमारास एक नवा कण सापडला. टिंग यांनी त्याला ‘जे’ म्हटले, रिक्टर यांनी ‘साय’. माघार कोणीच घेईना, तेव्हा लग्नानंतर काही घरांत जोडआडनाव लावतात तसा तो कण ‘जे-साय’ झाला. १९७६ चे नोबेल पारितोषिक दोघांना विभागून मिळाले.

जे-साय म्हणजे एक चार्म क्वार्क आणि त्याचा प्रतिक्वार्क यांची जोडी. वजन प्रोटॉनच्या तिपटीहून थोडे जास्त, पण आकार प्रोटॉनच्या जवळपास तृतीयांश. थोडक्यात, भारी आणि घट्ट बांधलेली जोडी. चार्म क्वार्क घडवायला खूप ऊर्जा लागते. म्हणून दोन अणुकेंद्रांची टक्कर होते तेव्हा चार्मच्या जोड्या अगदी पहिल्या क्षणीच बनतात. नंतर तिथे कितीही उष्णता असली, तरी तेवढ्यावर नव्या जोड्या सहसा बनत नाहीत. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिचे काम पडणार आहे.

हात धरून चाललेली मुले

अणुकेंद्रे प्रचंड वेगाने एकमेकांवर आदळली की क्षणभर अफाट तापमान निर्माण होते. ते पावणेदोन लाख कोटी अंशांच्या आसपास पोचले, म्हणजे सूर्याच्या गाभ्यापेक्षा लाखपटीहून अधिक झाले, की प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या भिंती विरघळतात आणि क्वार्क व ग्लुऑन यांचे एक सामाईक रसायन तयार होते. त्याला क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्मा म्हणतात. पण ते टिकते किती? एका सेकंदाचे एकावर बावीस शून्ये इतके तुकडे केले, तर त्यांतला एकही तुकडा पुरा होण्याआधी ते थंड होऊन विखुरते. आत तापमापक घालून बघणे दूरच, डोळे मिटून उघडायलाही सवड नाही. मग ते निर्माण झाले होते हे ओळखायचे कसे?

१९८६ मध्ये जपानचे तेत्सुओ मात्सुई आणि जर्मनीचे हेल्मुट झात्स यांनी एक युक्ती सुचवली. तिचे मूळ मिठाच्या पाण्यात आहे. मीठ पाण्यात विरघळले की धन आणि ऋण कण सुटे होतात. मग प्रत्येक धन कणाभोवती ऋण कणांची गर्दी जमते आणि दूरच्या कणाला त्याचा प्रभाव जाणवेनासा होतो. पीटर डिबाय आणि एरिक ह्यूकेल यांनी १९२३ मध्ये याचे गणित मांडले होते. मात्सुई आणि झात्स म्हणाले की, प्लाझ्मातही असेच होणार. मोकळ्या क्वार्क-ग्लुऑनची गर्दी मध्ये आली की चार्म आणि प्रतिचार्म यांना एकमेकांची ओढ जाणवणार नाही. जोडी सुटेल. तेव्हा टकरींतून बाहेर येणाऱ्या जे-साय कणांत तूट दिसली, तर आत प्लाझ्मा झाला होता असे समजावे.

आयुष्यभर मास्तरकी केल्यामुळे मला हे शाळेच्या सहलीच्या रूपात दिसते. समजा, शाळेची मुले जत्रेला निघाली आहेत. प्रत्येक जोडीत एकाच्या डोक्यावर लाल टोपी, एकाच्या निळी. बाईंनी बजावले आहे, ‘‘हात सोडायचा नाही.’’ जत्रेत गर्दी नसेल तर जोड्या तशाच बाहेर येतील. पण तुफान गर्दी उसळली तर हात सुटतील, चुकामूक होईल आणि ते मूल जवळच्या कोणा गावकऱ्याचे बोट धरून बाहेर पडेल. बाई दारात उभ्या राहून लाल-निळ्या जोड्या मोजतात. त्यांना जत्रा दिसत नाही. पण जोड्या कमी भरल्या, तर आत गर्दी किती होती याचा अंदाज त्यांना येतो.

प्रत्यक्षात दारातली मोजणी अशी होते. जे-साय अल्पायुषी असला तरी प्लाझ्मापेक्षा शेकडो पटींनी जास्त टिकतो. म्हणून तो सहसा गर्दीबाहेर आल्यावरच फुटतो. शंभरांतल्या सुमारे सहा वेळा त्यातून म्यूऑन कणांची जोडी निघते. म्यूऑनवर क्वार्कांना बांधणाऱ्या बलाचा परिणाम होत नाही आणि ते जाड अडसरांतूनही पार जातात. मागच्या यंत्रांत त्यांची ऊर्जा आणि दिशा मोजली, की ते जे-सायमधून आले का, हे हिशेबाने कळते.

वाटेत किती हरवली?

आता त्या मुलीचा पहिला प्रश्न. मुळात जोड्या होत्या किती? हे कळण्यासाठी आधी साध्या प्रोटॉन-प्रोटॉन टकरी मोजतात. त्यात जत्रा भरण्याचा प्रश्न नसतो. एका टकरीत सरासरी किती जे-साय बनतात हे कळले, की शिशाची दोन अणुकेंद्रे आदळताना आत अशा किती टकरी होतात, त्या संख्येने गुणायचे. हा झाला अपेक्षित आकडा.

दुसरा प्रश्न अधिक अवघड होता. सर्नमध्ये १९८६ पासून ऑक्सिजनची आणि पुढे गंधकाची अणुकेंद्रे जड लक्ष्यांवर सोडली गेली. एनए-३८ या प्रयोगाला जे-सायची तूट लगेच दिसली. मात्सुई आणि झात्स यांचे भाकीत ताजे होते, त्यामुळे उत्साह ओसंडला. पण मग कोणीतरी नुसते प्रोटॉन जड लक्ष्यांवर सोडून केलेल्या मोजण्या शेजारी ठेवल्या. प्लाझ्मा व्हावा इतकी उष्णता त्यांत अपेक्षित नव्हती. तरी तूट होती! लक्ष्याचे अणुकेंद्र जितके मोठे, तितकी तूट जास्त. कारण सरळ होते. नुकती बनलेली जोडी अणुकेंद्रातून बाहेर पडताना वाटेतल्या प्रोटॉन-न्यूट्रॉनवर आपटून फुटत होती. म्हणजे जत्रेला पोचण्याआधीच, अरुंद गल्लीत, काही मुलांचे हात सुटत होते. ही गल्लीतली चुकामूक हिशेबात धरली, तेव्हा ऑक्सिजन आणि गंधकाच्या टकरींतल्या तुटीतून जत्रेसाठी काही उरलेच नाही.

‘वाटेत सांडलं नाही कशावरून?’ असे त्या मुलीने विचारले होते, ते हेच. पुष्कळसे खरोखर वाटेतच सांडले होते.

१९९४ पासून सर्नमध्ये शिशाची अणुकेंद्रे मिळू लागली. एका शिशाच्या अणुकेंद्रात २०८ प्रोटॉन-न्यूट्रॉन असतात, त्यामुळे जत्रा मोठी. १९९६ मध्ये एनए-५० या प्रयोगाने दाखवले की, कडेने घासून जाणाऱ्या टकरींत तूट गल्लीच्या हिशेबाइतकीच आहे, पण समोरासमोरच्या टकरींत ती त्याहून स्पष्टपणे जास्त आहे. २००० च्या घोषणेमागच्या पुराव्यांत हा एक महत्त्वाचा पुरावा होता. मी त्या दिवशी हे सगळे सांगायला हवे होते. मी मात्र ‘मोठी माणसे’ पुढे करून मोकळा झालो.

हिशेब जुळेना

त्याच वर्षी ब्रुकहेवन येथे नवा त्वरक सुरू झाला. सुमारे पावणेचार किलोमीटर परिघाच्या वर्तुळात सोन्याची अणुकेंद्रे विरुद्ध दिशांनी फिरवून आदळायची. टकरीची ऊर्जा सर्नच्या आधीच्या प्रयोगांच्या दहापटीहून अधिक. जत्रा आता भलतीच मोठी झाली होती, तेव्हा जोड्या फारच कमी उराव्यात, अशी अपेक्षा होती.

फेनिक्स नावाच्या प्रयोगाचे आकडे आले आणि सगळे बुचकळ्यात पडले. ऊर्जा इतकी वाढूनही मधल्या भागातली तूट जवळपास सर्नइतकीच होती. शिवाय कडेच्या दिशांना तूट जास्त आणि मध्यभागी कमी. गर्दी तर मध्यभागी जास्त असायला हवी! माझ्या लाल शाईतल्या वाक्यात हे कुठेच बसत नव्हते. प्लाझ्मा झाला याचे इतर सबळ पुरावे तिथे मिळाले होते. २००५ मध्ये तर तिथल्या शास्त्रज्ञांनी सांगितले की, हे द्रव्य वायूसारखे नसून अतिशय सहज वाहणाऱ्या द्रवासारखे आहे. जत्रा नक्की भरली होती, फक्त दारातली मोजणी पटत नव्हती.

काहींचे म्हणणे पडले की, दोन्ही ठिकाणी जे-साय स्वतः सुटतच नसेल. त्याचे काही थोरले, सैल बांधणीचे भाऊबंद असतात, आणि बाहेर दिसणाऱ्या जे-सायपैकी साधारण तिसरा हिस्सा त्यांच्यापासून बनलेला असतो. एकमेकांचे नुसते बोट धरलेल्या मुलांसारखी या भाऊबंदांची गत. ते आधी सुटले तरी तूट दिसणारच. हा मुद्दा खरा होता, पण कोडे त्याने सुटत नव्हते.

तिसरा प्रश्न

तिसरा प्रश्न असा: दारातून बाहेर आलेली जोडी ही आत गेलेलीच जोडी कशावरून?

जत्रेला एकच जोडी गेली असेल आणि हात सुटला, तर हजारोंच्या गर्दीत लाल टोपीला निळी टोपी पुन्हा सापडणे कठीण. पण शंभर जोड्या गेल्या असतील तर? आत सगळ्यांची चुकामूक झाली, तरी जत्रा पांगताना एखादी लाल टोपी कुठल्या तरी निळ्या टोपीशेजारी येईलच. दोघे हात धरतील आणि दारातून बाहेर पडतील. बाई म्हणतील, ‘‘ही जोडी काही सुटली नाही.’’ बाईंची मोजणी बरोबर, निष्कर्ष चूक.

जर्मनीचे पीटर ब्राउन-मुन्झिंगर आणि योहाना श्टाखेल यांनी २००० मध्येच ही कल्पना मांडली होती. अमेरिकेतल्या रॉबर्ट थ्यूज यांच्या गटानेही त्याच सुमारास वेगळ्या मार्गाने तसेच म्हटले. आकडे त्यांच्या बाजूने होते. सर्नच्या जुन्या प्रयोगांत समोरासमोरच्या पाच टकरींत जेमतेम एखादी चार्मची जोडी बनत असे. ब्रुकहेवनमध्ये एकाच टकरीत ढोबळमानाने दहा. आणि सर्नमध्ये उभारल्या जात असलेल्या २७ किलोमीटर परिघाच्या महात्वरकात शंभरच्या घरात. हे खरे असेल, तर तिथे जत्रा सर्वांत मोठी आणि तरी तूट कमी, असा उलटा प्रकार दिसायला हवा होता.

कोणी म्हणेल, हा तर सोयीचा खुलासा झाला. तूट वाढली तरी प्लाझ्मा, घटली तरी प्लाझ्मा! पण खुलासा सोयीचा की खरा, हे ओळखायची रीत आहे. तो आधी काय सांगतो आणि मग काय दिसते, हे पाहायचे. पुन्हा जुळलेल्या जोड्या मंद गतीच्या कणांत जास्त दिसाव्यात, मध्यभागी जास्त दिसाव्यात आणि त्या गर्दीच्या ओघाबरोबर वाहत आलेल्या असाव्यात, असे आधीच सांगता येत होते.

नोव्हेंबर २०१० मध्ये महात्वरकात शिशाच्या टकरी सुरू झाल्या. २०१२ मध्ये अ‍ॅलिस या प्रयोगाने आकडे प्रसिद्ध केले. ब्रुकहेवनला समोरासमोरच्या टकरींत अपेक्षेच्या जेमतेम पाव हिस्सा जे-साय उरत होते. इथे कितीतरी पट ऊर्जा असून निम्म्याच्या आसपास उरले. मंद गतीच्या कणांत तूट कमी, वेगवान कणांत जास्त. मध्यभागी तूट आणखी कमी. २०१७ मध्ये अ‍ॅलिसनेच दाखवले की, हे जे-साय प्लाझ्माच्या ओघाबरोबर वाहत आलेले आहेत. तिन्ही खुणा पटल्या. चार्म क्वार्क आत खरोखर मोकळे हिंडले आणि शेवटी नव्या सोबत्याचा हात धरून बाहेर पडले, ही गोष्ट पहिल्या साध्या तुटीपेक्षा कितीतरी ठामपणे सिद्ध झाली.

घट्ट हातांची पारख

मात्सुई आणि झात्स यांची मूळ कल्पना मग वाया गेली का? मुळीच नाही. तिला योग्य साक्षीदार हवा होता. तो १९७७ मध्ये लिऑन लेडरमन यांच्या गटाला फर्मिलॅब येथे सापडून ठेवलेला होता. त्याचे नाव उप्सिलॉन. चार्मपेक्षाही भारी अशा ‘बॉटम’ क्वार्कची ही जोडी, वजन प्रोटॉनच्या दसपट. असे क्वार्क इतके थोडे बनतात की पुन्हा जुळण्याची शक्यता फारच कमी. शिवाय उप्सिलॉनच्या तीन अवस्था मोजता येतात. पहिली गच्च मिठी, दुसरी हातात हात, तिसरी नुसते बोट. भाकीत सरळ होते की, बोट आधी सुटेल, मग हात, शेवटी मिठी. महात्वरकावरच्या सीएमएस प्रयोगाने २०११ आणि २०१२ मध्ये नेमका हाच क्रम दाखवला. आता असेही समजते की, जोडी नुसती ओढ झाकली गेल्यामुळे सुटत नाही, तर गर्दीचे सततचे धक्केही तिला फोडतात. पण सैल ते आधी आणि घट्ट ते नंतर, हा क्रम कायम राहिला.

या सगळ्यात आपल्याकडच्या लोकांचा वाटा आहे, हे मला फार उशिरा कळले. फेनिक्समध्ये आपले भाभा अणुसंशोधन केंद्र होते. सीएमएसमध्ये कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे, अ‍ॅलिसमध्ये पवईच्या आयआयटीचा गट आहे. अ‍ॅलिसमध्ये म्यूऑनचा माग काढणाऱ्या कक्षांचा एक भाग कोलकात्याची साहा संस्था आणि अलीगढ मुस्लिम विद्यापीठ यांनी बांधला. त्या कक्षांतल्या दहा लाखांहून अधिक वाहिन्यांवरचे संकेत वाचणारी ‘मानस’ नावाची चिप साहा संस्थेत आखली गेली आणि चंडीगडला तयार झाली. म्हणजे २०१२ मधल्या त्या मोजणीच्या वेळी दारात उभ्या असलेल्या बाईंचा चष्मा आपल्याकडचाही होता.

काम संपलेले नाही. जुलै २०२५ मध्ये महात्वरकात मुद्दाम ऑक्सिजनसारखी लहान अणुकेंद्रे आदळवण्यात आली, जत्रा म्हणावी अशी गर्दी किती लहान जागेत जमू शकते हे पाहण्यासाठी. १९८६ मध्ये जिथून सुरुवात झाली, त्याच ऑक्सिजनकडे नवे प्रश्न घेऊन परत जाणे मला आवडले.

काही वर्षांपूर्वी माळा आवरताना त्या जुन्या पारदर्शिका सापडल्या. लाल शाई फिकी झाली होती, पण वाक्य वाचता येत होते. ‘कण घटले, म्हणजे नवे द्रव्य झाले.’ हे वाक्य खोटे नव्हते, अर्धे होते. घटले कशाच्या तुलनेत? कोणी घटवले? आणि जे उरलेले दिसतात, ते तेच का? एवढे विचारल्याशिवाय ते पुरे होत नाही. आपल्या घरात, दारात, वर्तमानपत्रात रोज असेच आकडे समोर येतात, इतके घटले, इतके वाढले. तेव्हाही हेच तीन प्रश्न विचारावेत असे मला वाटते.

आता विज्ञान दिनाला एखाद्या शाळेत बोलावले तर मी भाषणाची सुरुवात त्या मुलीच्या प्रश्नापासून करतो. तिचे नाव मला आठवत नाही, हे मुलांना सांगायला संकोच वाटतो, पण सांगतो. आणि प्रश्न विचारायला कोणी उठले की घड्याळ उलटे करून ठेवतो.